सुभेदार निकमांची चरवी

"वाच," कॅप्टन लॉसन म्हणाला.

टेबलावर पितळेची चरवी होती. दूध ठेवायची, झाकणाची, आपल्याकडे घरोघर असते तशी. बाहेर जपानचा बर्फ पडत होता आणि इंग्रज कॅप्टनच्या टेबलावर ती चरवी पाहुण्यासारखी अवघडून बसली होती. तिच्या गळ्याखाली ठोके मारून घातलेलं नाव होतं. मला ते तोंडपाठ होतं, तरी मी वाकून डोळे बारीक केले.

"अक्षरं झिजलीत साहेब. लागत नाहीत."

माझ्या शेजारी सुभेदार तुळाजी निकम सावधानमध्ये उभे होते. समोरच्या भिंतीवरची नजर न हलवता ते मराठीत म्हणाले, "आरं वाच की सर्जेराव. मामानं तांबटाकडनं ठोकून घेतलंय त्ये. झिजतंय कशानं?"

मग वाचावंच लागलं. 'चि. तुळाजी बाबाजी निकम यांस लग्नानिमित्त मामाकडून सप्रेम भेट.' कॅप्टनला हिंदुस्तानी चांगली येई, मराठी येत नसे. मी त्याला अर्थ सांगितला.

"म्हणजे ही तुमच्या तंबूतून चोरीला गेली होती," तो सुभेदारांना म्हणाला. हा प्रश्न नव्हता. बुडत्याकडे दोर फेकावा तसं त्यानं ते वाक्य फेकलं होतं.

"नाही साहेब. मी दिली."

कॅप्टननं हातातलं पेन खाली ठेवलं. "सुभेदारसाहेब, तुम्ही आत्ता काय बोललात ते मला ऐकू आलेलं नाही. उद्या सकाळी मी पुन्हा विचारीन. तोवर नीट विचार करा. तुमची पेन्शन जवळ आली आहे, हेही ध्यानात घ्या."

सलाम ठोकून आम्ही बाहेर आलो. चरवी आतच राहिली.

साल होतं सत्तेचाळीस. जपान लढाई हरला होता आणि त्याच्यावर पहारा ठेवायला जी फौज गेली तिच्यात आमचीही पलटण होती. मोठमोठी शहरं अमेरिकनांकडे, आमच्या वाट्याला आला होता पश्चिमेचा किनारा. कुरोसे नावाचं कोळ्यांचं गाव, पाठीशी डोंगर, पुढ्यात काळा समुद्र, आणि हिवाळ्यात माणूस बुडेल एवढा बर्फ. मी नाईक होतो. कंपनीच्या रेशनचं कोठार माझ्या ताब्यात होतं, म्हणजे सगळ्यांच्या शिव्याही माझ्याच ताब्यात होत्या.

फौजेचा हुकूम असा होता की जपान्यांना खायला द्यायचं नाही. एक दाणाही नाही. जेवणातलं उरलंसुरलं खड्ड्यात टाकायचं, वर रॉकेल ओतायचं आणि माती लोटायची. का, तर शिधा बाहेर गेला की काळा बाजार होतो. हे कारण खोटं नव्हतं. पण अन्नावर रॉकेल ओतायची पाळी आली की आमची पोरं ते काम एकमेकांवर ढकलायची. सुभेदार तर त्या खड्ड्याकडे पाठ करून उभे राहायचे. माणदेशातला माणूस. दुष्काळ त्यांनी ऐकलेला नव्हता, अंगावर काढलेला होता.

त्याच खड्ड्यात एका सकाळी पहाऱ्यावरच्या शिपायानं एका बाईला पकडलं. फुमी-सान तिचं नाव. गावची सुईण, विधवा, वय चाळिशीचं असेल पण दिसायची साठीची. तिनं अन्न चोरलं नव्हतं. आम्ही फेकलेले आटीव दुधाचे रिकामे डबे तिनं पदरात घ्यावेत तसे किमोनोच्या पुढ्यात घेतले होते.

"काय करती म्हनावं डब्यांचं?" सुभेदारांनी तानाबेला विचारलं.

तानाबे आमचा दुभाष्या. म्हातारा, सरळ, सदा सर्दी झालेला. तरुणपणी तो मुंबईत कापसाच्या एका जपानी पेढीवर होता, त्यामुळे त्याची हिंदुस्तानी थेट भायखळ्याच्या बाजारातली होती.

"साब, वो बोलती, डब्बे में गरम पानी डालके हिलाती. जरा सफेद होता. वो बच्चा लोग को पिलाती."

सुभेदारांनी एक डबा हातात घेऊन आत बोट फिरवलं. बोट कोरडंच निघालं. "चल," ते मला म्हणाले, "बघून येऊ."

घरात बर्फाइतकाच गारठा होता. चीन-मांचुरियातून परतणाऱ्या जपान्यांची जहाजं त्या किनाऱ्याला लागत. वाटेत ज्या आया मेल्या त्यांची तान्ही पोरं फुमी-साननं उचलून आणली होती. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पगार देत नव्हतं. एका रजईखाली ती ओळीनं निजवलेली, आणि कुणीच रडत नव्हतं. तान्ह्या पोरांच्या खोलीत एवढी शांतता मी त्याआधी ऐकली नव्हती. मला भीती वाटली.

सगळ्यात टोकाला एक मुलगी होती. डोक्यावर केस नाहीत, डोळे मोठे आणि गोल, चेहरा रंग उडालेल्या लाकडी बाहुलीसारखा. सुभेदारांनी तिच्यापुढं बोट धरलं. तिनं ते पकडलं आणि सरळ तोंडात घातलं.

"आरं, ही तर ठकी हाय," सुभेदार म्हणाले.

त्यांना मूलबाळ नव्हतं. बायकोनं देव देव करून पाय झिजवले होते, एवढं मला ठाऊक होतं. त्याबद्दल ते कधी बोलत नसत आणि आमची विचारायची छाती नव्हती. बोट सोडवून घ्यायला त्यांना बराच वेळ लागला.

"बाई म्हणते, मोठी पोरं पेजेवर काढतील," मी तानाबेचं ऐकून सांगितलं. "हिच्या पोटात पेज ठरत नाही. दूध मिळालं तर हिवाळा काढेल, नाही तर नाही. परदेशातल्या धर्मादाय मंडळींनी दूध पाठवलंय म्हणे, पण ते अजून मोठ्या शहरांतच आहे. इकडे यायला वसंत उजाडेल."

"वसंत म्हंजी आपला चैतच की," सुभेदार म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कंपनी गोळा केली. मी रांगेत होतो. सुभेदारांनी मिशीवरचा बर्फ झाडला आणि जाहीर केलं, "म्या जोतिबाला नवस बोललोय. पलटन सुखरूप घरला जाऊ दे. तवा चैताच्या यात्रेपत्तोर कंपनीनं दूध सोडायचं. च्या कोरा."

रांगेतून कुणीतरी म्हणालं, "नवस तुमी बोलला आन फेडायचा आमी व्हय?"

"तुमी जिते हाईसा न्हवं? मग फेडा."

हशा पिकला. पण पोरं खुळी नव्हती. सुभेदार सुईणीच्या घरी जाऊन आलेत ही बातमी आदल्याच दिवशी चुलीपर्यंत पोचली होती. कुणी वाकडं बोललं नाही. मग कॅप्टननं मला बोलावलं. पलटणीत धर्माच्या गोष्टीला साहेब लोक सहसा हात लावत नसत, पण त्याला राहवलं नाही.

"नाईक, तुमच्या देवाला दुधाचा एवढा राग का?"

"राग नाही साहेब. आवडतं, म्हणून तर सोडायचं."

त्याला तेव्हाच कळलं होतं की नाही, हे मी आजही सांगू शकत नाही. कळलं असलं तरी त्यानं तोंडावर येऊ दिलं नाही.

आता हे वाचलेलं दूध सुईणीकडे न्यायचं कशात? सरकारी डब्यांवर बाणाचा छाप असायचा. तो गावात सापडला की खेळ खलास. म्हणून सुभेदारांनी ट्रंकेतून घरची चरवी काढली. 'हिच्याशी सरकारचा काय बी संबंध न्हाई,' म्हणाले. खरंच होतं ते. सरकारचा छाप नव्हता, फक्त त्यांचं स्वतःचं नाव होतं. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात ते भांडं लग्नाकार्यात हरवू नये म्हणून. त्या नावाची भीती बाळगावी हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

किनाऱ्याच्या गस्तीच्या निमित्तानं सुभेदार एक दिवसाआड जात. चरवी भरून जाई आणि दुसऱ्या दिवशी तानाबे ती परत घेऊन येई. पहिल्यांदा आली तेव्हा आत कागदात गुंडाळलेली एक आगकाडी होती. एकच. कंपनीत हसून हसून पोरं लोळली. म्हणाली, विडी पण धाड म्हणावं.

"गप बसा," सुभेदार गरजले. मग तानाबेला विचारलं, "ह्ये काय?"

"साब, हमारे में भांडा खाली वापस नहीं देते. कुछ तो डालना मंगता."

सुभेदारांचा चेहरा असा उजळला की जणू परक्या गावात कुणी त्यांना नावानं हाक मारली होती. "ऐकलासा का लेको? हितं बी रीत तीच हाय! आमची आय शेजारची वाटी परत देताना चिमूटभर साखर तरी टाकायची. आन तुमी हसताय." ती आगकाडी त्यांनी खिशात ठेवली.

त्यानंतर चरवीतून कधी सुकी मासळी आली, कधी शिंपला, कधी देवदाराची डहाळी, एकदा वाळवलेलं गोड फळ. त्या फळाचा तुकडा तुकडा सगळ्यांना वाटला होता. अंगात बळ आल्यावर ठकी आता रडायला लागली होती. सुभेदार ते मोठ्या अभिमानानं सांगायचे. "कसली आरडती रं! पाटलाची ल्येक शोभंल." त्या दिवसांत आमच्या कोऱ्या चहालाही चव होती.

मग फेब्रुवारीत तुफान आलं. होड्या बाहेर पडेनात. गावात माशाचं काटकूटही उरलं नाही. आणि एका सकाळी तानाबे रिकाम्या हातानं आला.

"चरवी?" सुभेदारांनी विचारलं.

"वो बोलती, डालने को कुछ नहीं है. दो रोज ठैरो."

मी म्हणालो, "सुभेदारसाहेब, तशीच मागवून घ्या. भांडं गावात राहणं बरं नव्हे."

"तशीच दे म्हनावं," ते तानाबेला म्हणाले. पण आवाजात धार नव्हती. तानाबे जाऊन आला. फुमी-सान ऐकत नव्हती. रिकामी कशी देऊ, म्हणत होती. सुभेदार रागावले नाहीत, उलट खूश झाले. "बाई खानदानी हाय. राहू दे दोन दिस."

त्याच दिवसांत शेजारच्या एका छावणीतून साखरेची पोती चोरीला गेली. ती शोधायला लाल टोपीवाले लष्करी पोलीस गावात शिरले आणि घरं उलटीपालटी करू लागले. साखर कुणाकडे मिळाली नाही. सुईणीच्या घरी देवाच्या फळीवर, घासून लख्ख केलेली पितळेची चरवी मिळाली.

तर ती ही चरवी.

कॅप्टननं विचार करायला दिलेल्या वेळात सुभेदारांनी काही विचार केला असेल असं मला वाटत नाही. सकाळी पुन्हा आम्ही दोघं त्याच्यापुढे उभे राहिलो आणि त्यानं विचारायच्या आधीच ते म्हणाले, "साहेब, मी दिली. दूधही मीच दिलं. कंपनीचा काही दोष नाही."

कॅप्टननं उठून दार लावलं.

"त्या बाईनं काल संध्याकाळी जबाब दिलाय," तो म्हणाला. "ती म्हणते, स्वयंपाकाच्या तंबूतून मी चरवी चोरली. दुधासकट. कुणी मला काही दिलं नाही. अंगठा नव्हे, सही केली आहे तिनं."

"खोटं आहे साहेब."

"असेल. पण मी तुमचं खरं लिहून घेतलं तर काय होईल ऐका. तुम्ही कोर्टमार्शलला उभे राहाल. चरवीतून मासळी आणि फळं येत होती हे माझ्याही कानावर आहे; ती सौदेबाजी ठरेल, कारण घेतलंत आणि दिलंत. दूध सोडणारा प्रत्येक शिपाई त्यात ओढला जाईल. आणि ती बाई तरीही सुटणार नाही, शिधा घेतल्याबद्दल तिला शिक्षा होईलच. सगळे बुडाल. तिचं लिहिलेलं ठेवलं तर एकटी ती."

सुभेदारांनी विचारलं, "आणि पोरं?"

"शहरातल्या अनाथालयात नेतील. तिकडचे अधिकारी बघतील. मदतीचं दूध वसंतात येतंय."

"साहेब, ते पोर वसंतापर्यंत टिकायला पाहिजे."

कॅप्टननं बाईचा जबाब फायलीत लावला. तो दुष्ट माणूस नव्हता. दुष्ट असता तर मला त्याला शिव्या तरी देता आल्या असत्या.

फुमी-सानच्या खटल्याच्या दिवशी सुभेदार छातीवर सगळी पदकं लावून जिल्ह्याच्या गावी गेले. सोबत मी होतो. त्यांना आत घेतलं नाही. साक्षीदारांत त्यांचं नाव नव्हतं. त्यांनी पहारेकऱ्याला समजावलं, मग विनवलं, मग दरडावलं. तो पोरगेलासा ऑस्ट्रेलियन शिपाई पुन्हा पुन्हा मान हलवत राहिला. आम्ही बर्फात उभे राहिलो. फुमी-सानला बाहेर आणलं तेव्हा ती आमच्या अगदी समोरून गेली आणि तिनं सुभेदारांकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू असला माणूस तिनं जन्मात बघितला नव्हता. मग मोटारीत चढली.

मागून तानाबे आला. नाक पुसत होता, पण ती सर्दी नव्हती.

"छे महिना," तो म्हणाला.

"ती खोटं का बोलली?" मी चिडून विचारलं. "कुणी सांगितलं होतं तिला?"

"मैं भी पूछा साब. वो बोली, सुभेदारसाब जेल में गया तो दूध कौन देगा? मैं गई तो मैं ही गई. पडोसवाली बच्चा लोग को देखेगी. दूध तो चालू रहेगा."

हे ऐकल्यावर सुभेदार तिथून धावतच निघाले. सैन्याची एक लॉरी अडवून आम्ही कुरोसेला पोचलो. घराला फळी ठोकलेली होती. शेजारीण दारात उभी राहून रडत होती. सकाळीच, म्हणजे आम्ही बर्फात उभं राहून पहारेकऱ्याशी हुज्जत घालत होतो तेव्हा, अधिकाऱ्यांची उघडी लॉरी येऊन पोरांना घेऊन गेली होती. कुठल्या गावी नेली तेही तिला धड सांगता आलं नाही. चोर ठरलेल्या बाईनं सांभाळलेली पोरं तिच्या शेजारणीकडे कोण ठेवणार?

सुभेदार त्या ठोकलेल्या फळीवर हात ठेवून उभे राहिले. मला वाटलं ते रडतील. ते म्हणाले, "रजई तरी घातली आसंल का रं लॉरीत?"

चरवी त्यांना रीतसर परत मिळाली. चोरीचा माल, मूळ मालकास. त्यांनी ती कापडात बांधून खाटेखाली ढकलली. पुढं कित्येकदा त्यांनी कॅप्टनकडे चौकशी केली, कॅप्टननं वर केली, वरून काही आलं नाही. कंपनी चैत्रापर्यंत कोरा चहाच पीत राहिली. आता त्या सोडलेल्या दुधाचं काही होत नव्हतं, ते कोठारात साचत होतं, पण कुणी सुरुवात करायला तयार नव्हतं. यात्रेचा दिवस उलटल्यावर लांगऱ्यानं, म्हणजे कंपनीच्या स्वयंपाक्यानं, चहात दूध घातलं. पोरं प्यायली. सुभेदारांनी पेला परत केला.

ऑगस्टात आमचं स्वराज्य आलं. गोड वाटलं गेलं, झेंडा झाला, आणि पाठोपाठ मायदेशी निघायचा हुकूम. त्याच सुमारास तानाबेनं बातमी आणली की फुमी-सान सुटून घरी आली आहे.

सुभेदारांनी चरवी काढून मला दिली. "भरून ने. माझा निरोप सांग."

"तुम्ही चला की."

"मला तोंड न्हाई, सर्जेराव."

मी कोठारातून दूध घेत होतो तेव्हा कॅप्टन दारात आला. त्यानं चरवी बघितली. स्वतःच्या मेसमधला एक डबा आणून माझ्यापुढे ठेवला आणि निघून गेला.

तानाबेला घेऊन मी गेलो तेव्हा गावात उन्हाळ्याचं गवत माजलं होतं. फुमी-सान ओटीवर एकटीच बसली होती. आम्हाला बघून ती उठली, कमरेत वाकली, दोन्ही हातांनी चरवी घेतली. झाकण उघडून तिनं आत बघितलं. मग ती घरामागं गेली. आम्हीही गेलो. बांधाजवळ मुठीएवढा एक काळा दगड उभा केला होता. तिनं सगळं दूध त्या दगडावर ओतलं. अगदी हळू, शेवटच्या थेंबापर्यंत. माती तहानलेली होती, दूध बघता बघता आत गेलं.

"ठकी?" मी विचारलं. हे नाव तिलाही कळत होतं.

ती बोलत गेली, तानाबे खाली बघून सांगत गेला. लॉरीच्या प्रवासानंतर चारदोन दिवसांतच ठकी गेली. शहरातल्या अनाथालयात तेव्हा दूध नव्हतं. परदेशातलं दूध मे महिन्यात आलं, पुष्कळ आलं, आता गावच्या शाळेतही मिळतं. बाकीची पोरं पांगली, कुठं आहेत माहीत नाही. दगडाखाली ठकीचं काही नव्हतंच, पण आठवणीला दगड तरी असावा म्हणून तिनं सुटून आल्यावर इथं ठेवला.

मला त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं आणि मी पडलो नाही. ती आत गेली, चरवी घासली, पुसली, आणि कागदात बांधलेलं मूठभर मीठ आत ठेवून झाकण लावून माझ्या हातात दिली.

परतताना तानाबे म्हणाला, "साब, ये नमक खाने का नहीं. इधर कोई मरता तो मय्यत का नमक देते. घर में घुसने के पहले आदमी अपने बदन पे डालता. जो घर का आदमी है, उसको देते."

मी थांबलो. "सुभेदारसाहेबांना हे सांगू नको."

"नहीं बोलेंगा."

सुभेदार छावणीच्या फाटकाशीच उभे होते. चरवी हातात घेऊन त्यांनी झाकण उघडलं, कागद सोडला.

"मीठ," ते म्हणाले.

"घरी काढलेलं," मी घाईघाईनं म्हणालो. "समुद्राचं. दुसरं काही नव्हतं तिच्याकडे."

"आन पोरं?"

"बरी आहेत. शहरात आहेत, तिथं आता दूध येतंय भरपूर. ठकी बसायला लागली म्हणे." एकदा सुरुवात केल्यावर मला थांबता येईना. "दोन दात आलेत."

सुभेदारांनी चिमूटभर मीठ घेतलं, बोटांत चोळून बघितलं आणि परत आत सोडलं. मग बोटं झाडली. "बसाय लागली व्हय? मग झालं," ते म्हणाले, आणि झाकण घट्ट बसवलं.

मला हायसं वाटलं. माझा बाण लागला, असं मी समजलो.

फौज सोडल्यावर वर्षभरानं मी त्यांच्या गावी गेलो. माणदेशातलं उघडंबोडकं गाव, दोन खणांचं घर. सुभेदार शेरडं घेऊन माळाला गेले होते. त्यांच्या बायकोनं, आक्कांनी, घोंगडं टाकलं, पाणी दिलं. चरवी फडताळात वरच्या फळीवर पालथी होती.

"भाऊजी, च्या कोरा चालंल न्हवं?" आक्का म्हणाल्या. "दूध हाय, तुमाला घालती. पर ह्येंनी सोडलंय. ह्येंच्यासाठनं मी बी."

"कोराच करा," मी म्हणालो. "अजून नवस फिटला नाही का त्यांचा?"

आक्कांनी चुलीत फुंकर मारली. धुरानं की कशानं, डोळे पुसले.

"कसला नवस, भाऊजी. जपानातनं आलं त्या दिशी माझी सारी तयारी. भाकरतुकडा ओवाळून टाकायचा म्हून मी येशीपत्तोर गेल्ती. तर ह्ये येशीतच थांबलं. टरंकंतनं ही चरवी काडली, कसलं मीठ हुतं, त्ये खांद्यावनं टाकलं. मग हिरीवर जाऊन अंगूळ केली. मला म्हनले, शिवू नगंस, सुतक हाय. घरातलं पोर गेलंय."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मी म्हनलं, कंच्या घरातलं? आपल्या घरात कुटं पोर हाय? तर म्हनले, हुतं." आक्कांनी चुलीतलं लाकूड पुढं सारलं. "बिनदाताच्या पोराचं कुनी सुतक धरतं का? लई झालं तर तीन दिस. ह्येंनी धा धरलं. डोस्कं बी भादरलं. भावकी हसली."

"त्यांना कुणी सांगितलं?" मी विचारलं. "तानाबेनं?"

"कुनी न्हाई. त्या दुभाष्याची म्हातारी मेली तवा त्यो छावनीच्या फाटकात अंगावर मीठ टाकताना ह्येंनी बगितलं हुतं म्हनं. त्ये चरवीतलं मीठ बगूनच कळलं." त्या दाराकडे बघून आवाज खाली आणत म्हणाल्या, "पर मी सांगितलं ह्ये बोलू नगासा. मला म्हनत्यात, सर्जेरावाला वाटतंय मला ठाऊक न्हाई. वाटू दे. दातबीत सांगत हुता बिचारा. त्येच्या जिवाला तेवढंच बरं."

बाहेर शेरडांचा आवाज आला. सुभेदार वाकून दारातून आत आले, मला बघून थबकले, मग पाठीत असा गुद्दा घातला की मी कळवळलो. घोंगड्यावर बसले. पलटणीतल्या एकेकाची विचारपूस झाली. कोण मेलं, कुणाचं लग्न झालं, कॅप्टन विलायतेत काय करत असेल. आक्कांनी दोघांपुढं चहा ठेवला.

सुभेदारांनी पेला उचलला आणि फडताळाकडे न बघता विचारलं, "ठकी आता केवढी झाली आसंल रं?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ते माझ्याचकडे बघत होते, अगदी निवांत.

"चालायला लागली असेल," मी म्हणालो. "बोलतही असेल."

"आसंल, आसंल," ते म्हणाले आणि कोरा चहा बशीत ओतला.